एसएसएच जोडणीतील विलंब

एसएसएच जोडणीतील विलंब म्हणजे लिनक्स सर्व्हरमध्ये सिक्युअर शेल या प्रोटोकॉलद्वारे दूरवरून प्रवेश करताना, आज्ञा देणे आणि प्रत्यक्ष काम सुरू करता येणे यांच्यामध्ये जाणारा अवाजवी वेळ होय. सुस्थितीतील स्थानिक जाळ्यात ही जोडणी साधारणतः एका सेकंदाच्या आत पूर्ण होते. तोच वेळ पाच, दहा किंवा पंचवीस सेकंदांवर जातो, तेव्हा सर्व्हर कामाच्या भाराने थकला आहे असे पुष्कळांना वाटते. बहुतेक वेळा तसे नसते. सर्व्हर अथवा वापरकर्त्याचा संगणक तिसऱ्याच कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत स्वस्थ बसलेला असतो. त्यामुळे या दोषाची चिकित्सा म्हणजे मुख्यतः कोण कोणासाठी थांबला आहे, याचा शोध असतो.

या लेखात आज्ञा आणि मांडणीतील शब्द उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ते रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहावे लागतात.

पार्श्वभूमी

दूरच्या संगणकात प्रवेश करण्यासाठी पूर्वी टेलनेट आणि आरलॉगिन ही साधने वापरली जात. त्यांत पासवर्ड उघड्या अक्षरांत तारेवरून जात असे. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात असे पासवर्ड चोरले गेल्यानंतर तेथील संशोधक टाटू य्लोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएचची पहिली आवृत्ती तयार केली. आज लिनक्सवर सर्वत्र आढळणारी ओपनएसएसएच ही आज्ञावली ओपनबीएसडी प्रकल्पाने १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. सर्व्हरवर तिचा जो भाग अखंड चालू असतो त्यास एसएसएचडी म्हणतात आणि तो सामान्यतः २२ क्रमांकाच्या पोर्टवर येणाऱ्यांची वाट पाहतो.

टेलनेटच्या तुलनेत एसएसएचची जोडणी अधिक पायऱ्यांची आहे. सुरक्षिततेची ती किंमत आहे आणि ती रास्तच आहे. मात्र पायऱ्या जितक्या अधिक तितकी अडखळण्याची ठिकाणेही अधिक.

जोडणीचे टप्पे

विलंबाचे मूळ शोधण्यापूर्वी जोडणी कोणत्या क्रमाने होते हे समजून घेणे आवश्यक आहे. वापरकर्त्याचा संगणक प्रथम सर्व्हरच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता मिळवतो आणि त्या पत्त्याशी टीसीपी जोडणी करतो. नंतर दोन्ही बाजू आपापली आवृत्ती सांगतात, कूटलेखनाच्या पद्धती ठरवतात आणि त्या सत्रापुरती गुप्त किल्ली निर्माण करतात. याच वेळी सर्व्हर स्वतःची ओळख पटवतो. येथपर्यंत वापरकर्ता कोण आहे हा प्रश्न निघालेलाच नसतो. तो यानंतर निघतो. पासवर्ड, किल्ल्यांची जोडी किंवा कर्बरॉससारखी मध्यवर्ती व्यवस्था यांपैकी एका मार्गाने वापरकर्त्याची ओळख तपासली जाते. ओळख पटल्यावर पॅम ही लिनक्समधील प्रवेशव्यवस्था सत्राची नोंद करते, स्वागताचा मजकूर दाखवला जातो आणि शेवटी शेल सुरू होते.

जुन्या वाड्याच्या देवडीवर आलेल्या पाहुण्यास आधी दार उघडले जाते, मग नावगाव विचारले जाते, आत वर्दी जाते आणि त्यानंतर ओसरीवर बसायला मिळते. तसाच हा क्रम आहे. पाहुणा बाहेर किती वेळ उभा राहिला एवढेच पाहून भागत नाही, तो कोणत्या उंबऱ्यावर अडला हे पाहावे लागते.

विलंबाचे स्थान ओळखणे

सर्वांत सोपी खूण पासवर्डच्या प्रश्नाची आहे. तो प्रश्न येण्यापूर्वीच वेळ जात असेल, तर कारण जाळ्यात, नावांच्या शोधात किंवा ओळख पटवण्याच्या निरुपयोगी प्रयत्नांत असते. पासवर्ड दिल्यानंतर वेळ जात असेल, तर ते बहुधा पॅम, सत्राची नोंद किंवा शेलच्या सुरुवातीच्या फाइलींत असते. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मी कारणे बाद होतात. तरीही मदत मागणारे पुष्कळजण नेमकी हीच गोष्ट सांगत नाहीत.

अधिक बारकाईने पाहण्यासाठी एसएसएच आज्ञेस व्ही हा पर्याय जोडतात. तो तीन वेळांपर्यंत देता येतो आणि प्रत्येक वेळी माहिती वाढत जाते. पडद्यावर भराभर उमटणाऱ्या ओळी जेथे थबकतात, तेथील शेवटची ओळ वाचावी. ओळी इंग्रजीत असल्या तरी त्यांतील मुख्य शब्द थोडेच असतात. 'कनेक्टिंग' या शब्दापाशी अडले तर दोष जाळ्यात आहे. 'केईएक्स' हे अक्षरसमूह दिसताना अडले तर किल्ली ठरवण्याच्या टप्प्यात. 'जीएसएसएपीआय' दिसताना अडले तर कर्बरॉसच्या प्रयत्नात. 'एंटरिंग इंटरॅक्टिव्ह सेशन' या ओळीनंतर अडले तर सत्र उघडण्यात.

दुसरी उपयुक्त कसोटी म्हणजे सर्व्हरवर बसून त्याच सर्व्हरशी, लोकलहोस्ट या नावाने, जोडणी करून पाहणे. ती झटपट झाली तर शेलच्या फाइलींना आणि स्वागताच्या मजकुराला दोष देता येत नाही. तिसरी कसोटी सर्व्हरच्या नोंदींची. जर्नलसीटीएल या आज्ञेने एसएसएचडीच्या नोंदी वेळेसह वाचता येतात. दोन लागोपाठच्या नोंदींमध्ये मोठे अंतर दिसले की शोध बराच अरुंद होतो. त्यानेही उलगडा झाला नाही तर एसट्रेस हे साधन एसएसएचडीच्या प्रक्रियेस जोडतात. प्रक्रिया कोणत्या हाकेच्या उत्तरासाठी थांबली आहे, हे ते वेळेच्या नोंदीसह दाखवते. ५३ क्रमांकाच्या पोर्टकडे हाक गेलेली दिसली तर नावांच्या शोधात वेळ जात आहे, असे निश्चितपणे म्हणता येते.

नावाचा उलट शोध

या विषयातील सर्वांत प्रसिद्ध कारण हेच आहे. सर्व्हरकडे येणारी जोडणी आयपी पत्ता घेऊन येते, नाव घेऊन येत नाही. यूजडीएनएस हा पर्याय चालू असल्यास एसएसएचडी त्या पत्त्यावरून नाव शोधतो आणि मिळालेल्या नावावरून पुन्हा तोच पत्ता निघतो का, हेही पडताळतो.

यात एक बारकावा आहे. पत्त्याला नाव नसणे हे विलंबाचे कारण नव्हे. नामसेवकाने नाव नाही असे स्पष्ट उत्तर दिले तर काम क्षणात पुढे सरकते. विलंब होतो तो नामसेवक मौन धारण करतो तेव्हा. सर्व्हरच्या रिझॉल्व्ह-कॉन्फ या फाइलीत बंद पडलेल्या किंवा फायरवॉलने अडवलेल्या नामसेवकाचा पत्ता असला की असे घडते. लिनक्समध्ये नेहमीच्या मांडणीनुसार एका नामसेवकाच्या उत्तरासाठी ५ सेकंद वाट पाहिली जाते आणि सर्व नामसेवकांना मिळून २ फेऱ्या केल्या जातात. म्हणजे एकच मुका नामसेवक असेल तर १० सेकंद जातात, दोन असतील तर २०. विलंब घड्याळ लावल्यासारखा पाचाच्या पटीत येत असेल, तर प्रथम संशय येथेच घ्यावा.

तपासणी अवघड नाही. वापरकर्त्याचा आयपी पत्ता घेऊन सर्व्हरवर गेटएंट होस्ट्स ही आज्ञा द्यावी आणि किती वेळ लागतो ते पाहावे. पुष्कळजण यासाठी डिग ही आज्ञा वापरतात. परंतु डिग सर्व्हरवरील होस्ट्स फाइल न पाहता थेट नामसेवकास विचारते, तर गेटएंट प्रणालीतील इतर आज्ञावल्यांच्याच मार्गाने जाते. एसएसएचडीला काय अनुभव येतो हे पाहायचे असल्यास गेटएंट अधिक प्रातिनिधिक ठरते.

उपाय दोन आहेत. नामसेवकाचा पत्ता दुरुस्त करणे हा खरा उपाय. एसएसएचडीच्या मांडणीत यूजडीएनएसपुढे 'नो' लिहिणे हा दुसरा. हा दुसरा उपाय रामबाण म्हणून सर्वत्र सांगितला जातो. तथापि ओपनएसएसएचच्या २०१५ मधील ६.८ या आवृत्तीपासून हा पर्याय मुळातच बंद असतो. कोणी तो मुद्दाम चालू केला नसेल, तर 'नो' लिहून काहीही बदलत नाही. पर्यायाची प्रत्यक्ष लागू असलेली किंमत एसएसएचडी आज्ञेला मोठ्या लिपीतील टी हा पर्याय देऊन पाहता येते. ती पाहूनच औषध द्यावे. शिवाय हा पर्याय बंद असताना किल्ल्यांच्या फाइलीतील 'फ्रॉम' या अटीत अथवा मांडणीतील 'मॅच होस्ट' या अटीत यंत्रांची नावे चालत नाहीत, केवळ पत्ते चालतात. नावे वापरून प्रवेश मर्यादित केलेल्या ठिकाणी तो सरसकट बंद केल्यास विलंबाऐवजी प्रवेशाचाच प्रश्न उभा राहतो.

नामसेवक मौन असताना सुडो, वेब सर्व्हर, टपाल अशा इतर सेवाही अडखळू शकतात. केवळ एसएसएचपुरती पळवाट काढली की लक्षण नाहीसे होते आणि आजार राहतो.

नावाच्या शोधाचा एक विलंब वापरकर्त्याच्या बाजूसही होतो. जुन्या आणि नव्या अशा दोन्ही प्रकारच्या पत्त्यांची विचारणा एकदम केली असता काही फायरवॉल किंवा राउटर दुसरे उत्तर टाकून देतात आणि पुन्हा तेच ५ सेकंद जातात. रिझॉल्व्ह-कॉन्फ फाइलीत 'सिंगल-रिक्वेस्ट' हा पर्याय घातल्यास विचारणा एकामागून एक होते आणि हा दोष टळतो.

ओळख पटवण्याचे निष्फळ प्रयत्न

कर्बरॉस ही मोठ्या संस्थांतील मध्यवर्ती ओळखव्यवस्था आहे आणि एसएसएच तिच्याशी जीएसएसएपीआय या दुव्याने बोलते. मूळ ओपनएसएसएचमध्ये हा दुवा बंद असतो. परंतु डेबियन आणि रेड हॅट या घराण्यांतील वितरणांत वापरकर्त्याच्या बाजूने तो चालू ठेवलेला असतो. कर्बरॉस अर्धवट मांडलेले असेल, किंवा त्यासाठी लागणारी नावे शोधताना नामसेवक गप्प राहिला, तर हा प्रयत्न फसेपर्यंत वेळ जातो आणि मग पासवर्डचा प्रश्न येतो. जोडणीच्या आज्ञेतच जीएसएसएपीआय-ऑथेंटिकेशन हा पर्याय 'नो' करून पाहावे. तेवढ्याने जोडणी झटपट झाली, तर तो पर्याय स्वतःच्या मांडणी फाइलीत कायमचा लिहिता येतो. त्यासाठी सर्व्हरला हात लावण्याचे कारण नाही.

किल्ल्यांचा जुडगा मोठा असणे हेही एक कारण होऊ शकते. एसएसएच-एजंटमध्ये साठवलेल्या किल्ल्या एकेक करून सर्व्हरपुढे ठेवल्या जातात आणि प्रत्येकीस जाळ्यातून एक फेरी लागते. सर्व्हर नेहमीच्या मांडणीत ६ प्रयत्नांपर्यंतच थांबतो, त्यामुळे योग्य किल्ली सातवी असल्यास प्रवेशच नाकारला जातो. कोणत्या सर्व्हरसाठी कोणती किल्ली हे लिहून आयडेंटिटीज-ओन्ली हा पर्याय चालू केल्यास हा गोंधळ मिटतो.

सत्र उघडताना होणारा विलंब

पासवर्ड बरोबर ठरूनही बरोबर २५ सेकंदांनी शेल दिसत असेल, तर सिस्टीमडी-लॉगइनडी या सेवेकडे पाहावे. पॅम तिला डीबस या संदेशवाहिनीवरून सत्राची नोंद करण्यास सांगते. डीबस सेवा मध्येच पुन्हा सुरू केली गेली असेल, तर लॉगइनडीचा तिच्याशी असलेला संबंध तुटतो आणि पॅमची विनंती उत्तरावाचून पडून राहते. डीबसची प्रतीक्षेची मुदत २५ सेकंद आहे. ती संपल्यावर पॅम नाद सोडते आणि प्रवेश मिळतो. नोंदींत सत्र निर्माण करता आले नाही अशा अर्थाची इंग्रजी ओळ सापडते. लॉगइनडी पुन्हा सुरू केल्यावर हा दोष सहसा नाहीसा होतो. पाचाच्या पटीतील विलंब म्हटला की नामसेवक असे समीकरण पक्के झालेल्यांना हा पंचवीसचा आकडा हटकून फसवतो.

उबुंटूमध्ये प्रवेशानंतर दिसणारा स्वागताचा मजकूर दर वेळी छोट्या आज्ञावल्या चालवून तयार होतो. डिस्क किती भरली, किती अद्यतने बाकी आहेत, अशी माहिती त्या गोळा करतात. त्यांपैकी एखादी अडली तर पाहुण्याला उंबऱ्यावर ताटकळावे लागते. काही वितरणांत मागील प्रवेशानंतर किती प्रयत्न फसले तेही मोजून सांगितले जाते. त्यासाठी बीटीएमपी ही फाइल वाचली जाते. इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरवर पासवर्ड ओळखू पाहणाऱ्या यंत्रांचे प्रयत्न सतत चालू असल्याने ही फाइल अवाढव्य होते आणि मोजणीस वेळ लागतो. लॉगरोटेटकडून ती नियमितपणे बदलली जात आहे का, हे तपासणे पुरेसे असते.

विद्यापीठे व संशोधनसंस्थांत वापरकर्त्याचे घर, म्हणजे होम निर्देशिका, एनएफएसद्वारे दुसऱ्या यंत्रावर असते आणि वापरकर्त्यांची यादी एलडॅपवर. यांपैकी काहीही मंदावले की एसएसएच मंदावल्यासारखे दिसते. अशा वेळी त्या वापरकर्त्याची आयडी आज्ञा वेळ लावून पाहावी. शेलच्या सुरुवातीच्या बॅशआरसी फाइलीत वर्षानुवर्षे भर पडत गेली असेल तर तीही कारण ठरते. एसएसएच आज्ञेच्या शेवटी 'ट्रू' ही काहीच न करणारी आज्ञा दिल्यास संवादी शेलची तयारी बहुतांशी टळते. ती जोडणी चटकन पूर्ण झाली आणि नेहमीची रेंगाळली, तर दोष सत्राच्या अखेरच्या टप्प्यात आहे.

आभासी यंत्र नुकतेच सुरू झाल्यावरच विलंब होत असेल, तर यादृच्छिक संख्यांची टंचाई हे कारण असू शकते. एसएसएचडीला त्या लागतातच आणि जुन्या गाभ्यांत त्या पुरेशा जमेपर्यंत थांबावे लागे. लिनक्स गाभ्याच्या २०१९ मधील ५.४ या आवृत्तीपासून ही अडचण जवळपास संपली आहे.

जाळ्यातील कारणे

सर्व्हरच्या नावाला आयपीव्ही६ पत्ता असेल पण वाटेत तो मार्ग खुंटलेला असेल, तर एसएसएच आधी त्याच मार्गाने प्रयत्न करून दमते आणि मग आयपीव्ही४ कडे वळते. आज्ञेस ४ हा पर्याय देऊन हे पडताळता येते.

जोडणी होते, आवृत्त्यांची देवाणघेवाण होते, मात्र किल्ली ठरवताना सर्व स्तब्ध होते, हा प्रकार व्हीपीएन वापरणाऱ्यांना परिचित असेल. येथे लहान संदेश पोचतात, मोठे वाटेत गळतात. बोगद्यातून जाऊ शकणाऱ्या संदेशाचा कमाल आकार, म्हणजे एमटीयू, कमी असतो आणि ती सूचना परत आणणारे संदेश एखाद्या फायरवॉलने अडवलेले असतात. एमटीयू कमी करून पाहणे ही याची कसोटी होय.

अंतराचा विलंब मात्र कोणत्याही मांडणीने संपूर्ण घालवता येत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. म्हणजे एका जाण्यायेण्यास किमान १२५ मिलिसेकंद हवेतच. समुद्राखालील केबली वळसे घेत जातात, त्यामुळे प्रत्यक्षातील आकडा याहून बराच मोठा असतो. एसएसएच जोडणीस अशा अनेक फेऱ्या लागतात, तेव्हा अमेरिकेतील सर्व्हरशी जोडणी करताना पुण्या-मुंबईच्या वापरकर्त्याने एक-दोन सेकंदांचा विलंब दोष समजू नये. एकाच सर्व्हरशी वरचेवर जोडणी करायची असल्यास कंट्रोलमास्टर आणि कंट्रोलपर्सिस्ट हे पर्याय उपयोगी पडतात. पहिली जोडणी उघडी ठेवून पुढील सत्रे तिच्यातूनच नेली जातात आणि ओळख पटवण्याच्या फेऱ्या वाचतात.

हेतुपुरस्सर विलंब

काही विलंब मुद्दाम ठेवलेले असतात. चुकीचा पासवर्ड दिल्यावर पॅम सुमारे २ सेकंद थांबते, कारण अंदाजाने पासवर्ड शोधणाऱ्यास त्यामुळे पुष्कळ अधिक वेळ लागतो. तो काढून टाकण्याचा सल्ला क्वचित वाचनात येतो. तो मानू नये. ओळख न पटलेल्या जोडण्या १० झाल्या की त्यापुढील जोडण्यांपैकी सुमारे ३० टक्के एसएसएचडी परतवून लावतो, हे प्रमाण वाढत जाते आणि १०० झाल्यावर नव्या कोणासही घेत नाही. मॅक्सस्टार्टअप्स या पर्यायाची ही नेहमीची किंमत आहे. हल्ला चालू असताना प्रामाणिक वापरकर्त्याची जोडणी कधी लागते, कधी तुटते, ती यामुळे. येथे पर्यायाची किंमत वाढवण्याऐवजी पासवर्डने प्रवेश बंद करून केवळ किल्ल्यांनी प्रवेश ठेवणे किंवा फेल२बॅनसारख्या साधनाने उपद्रवी पत्ते रोखणे श्रेयस्कर.

एक्सझेड प्रकरण

अर्ध्या सेकंदाच्या विलंबाकडे दुर्लक्ष न केल्यामुळे काय हाती लागू शकते, याचे उदाहरण २०२४ मध्ये घडले. पोस्टग्रेस या विदागार प्रणालीवर काम करणारे अभियंता आंद्रेस फ्रॉइंड डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर वेगाची मोजमापे घेत होते. चुकीच्या नावांनी प्रवेशाचे प्रयत्न होत असताना ते प्रयत्न लगेच नाकारले जाऊनही एसएसएचडी प्रक्रियकाचा अनपेक्षित वापर करीत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. प्रवेशास पूर्वी सुमारे ०.३ सेकंद लागत. आता सुमारे ०.८ सेकंद लागत होते.

हा विलंब वर सांगितलेल्या कारणांहून वेगळ्या जातीचा होता. येथे कोणी कोणाची वाट पाहत नव्हते. प्रक्रियक खरोखरच काम करीत होता. ते काम कोणते, याचा माग काढता काढता फ्रॉइंड फाइल संकोचनाच्या एक्सझेड या साधनातील लिबएलझेडएमए या ग्रंथालयापर्यंत पोचले. ओपनएसएसएच स्वतः हे ग्रंथालय वापरत नाही. परंतु काही वितरणांनी एसएसएचडीला सिस्टीमडीशी जोडलेले होते आणि त्या दुव्यातून ते आत येत होते. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसवलेले निघाले. ठरावीक खासगी किल्ली जवळ असणाऱ्यास त्यातून सर्व्हरवर वाटेल ती आज्ञा चालवता आली असती. जिया टॅन हे नाव धारण करून सुमारे दोन वर्षे प्रकल्पात विश्वास संपादन केलेल्या व्यक्तीच्या खात्यातून या आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या होत्या. फ्रॉइंड यांनी २९ मार्च २०२४ रोजी हे जाहीर केले आणि वितरणांनी तातडीने जुन्या आवृत्तीकडे माघार घेतली. बहुतांश सर्व्हरवर असणाऱ्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत हे चोरदार तोवर पोचले नव्हते.

सर्व्हरचा पूर्वीचा वेग ठाऊक असल्याशिवाय असा फरक जाणवत नाही. सर्व्हर सुरळीत असताना टाइम आज्ञेने जोडणीचा वेळ मोजून त्याची नोंद ठेवण्यास काहीच खर्च येत नाही.

मांडणी बदलताना घ्यावयाची काळजी

एसएसएचडीची मांडणी दूरवरून बदलणे म्हणजे बसल्या फांदीवर काम करणे होय. चूक झाल्यास प्रवेशाचा तोच एक मार्ग बंद होतो. मांडणीची प्रत आधी काढून ठेवावी. बदलानंतर एसएसएचडी आज्ञेस लहान लिपीतील टी हा पर्याय देऊन फाइलीतील व्याकरण तपासून घ्यावे आणि मगच सेवा नव्याने भारित करावी. चालू सत्र बंद न करता दुसऱ्या खिडकीतून नवी जोडणी करून पाहावी. ती लागल्याशिवाय पहिली सोडू नये. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर वेळ मोजावा. चार पर्याय एकदम बदलून विलंब गेला, तर तो कशामुळे गेला हे कळत नाही आणि पुढील अद्यतनानंतर तो परत आला की शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.